गच्चीवरचा दुधी

सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपले, चौविहाराचे पच्चक्खाण घेतले की बाजारपेठेतील अनेक घरांत संध्याकाळचा एक मोकळा अवकाश उरतो. खाली दुकानात गिऱ्हाईक असते, वर स्वयंपाकघर आवरलेले असते. नेमक्या याच वेळी गच्चीवरील दुधीची पांढरी फुले उमलू लागतात. कारल्याचे फूल सकाळचे. दुधीचे मात्र संध्याकाळचे, कारण त्याचे पाहुणे म्हणजे रात्री उडणारे पतंग. भर वस्तीतील गच्चीवर हे पाहुणे थोडेच येतात. मग घरातील कोणीतरी उजेड आहे तोवर नरफूल खुडून त्यातील पराग मादीफुलाला हलकेच लावते. देठाशी बोटाच्या पेराएवढा दुधी असतो ते मादीफूल, नुसती बारीक दांडी असते ते नरफूल. पहिले काही दिवस वेलावर केवळ नरफुलेच येतात आणि नवशिक्यास वाटते, बियाणे फसवे निघाले. ते फसवे नसते, वेल अजून तयार व्हायचा असतो.

जैन घरात परसबागेचा विषय निघाला की एखादे वडीलधारे माणूस प्रश्न विचारतेच : माती खणायची, पाणी ओतायचे, किडीशी झुंजायचे, हा आरंभ श्रावकाने कशाला वाढवावा? प्रश्न खोटा नाही. वनस्पती एकेंद्रिय जीव आहे आणि पंधरा कर्मादानांत जमीन फोडण्याचा व्यवसायही गणला आहे. पण कर्मादाने उपजीविकेच्या धंद्यांविषयी आहेत. शिवाय आदिनाथांनी लोकांना असी आणि मसीसोबत कृषीही शिकवली, अशी परंपरा सांगते; सांगली-कोल्हापूरकडील कित्येक जैन कुटुंबे पिढ्यान् पिढ्या शेतीच करीत आली. बाजारातून आणलेल्या भेंडीमागेही नांगर आणि फवारणी असतेच, ती आपल्या डोळ्यांआड असते इतकेच. गच्चीवर ती डोळ्यांसमोर येते आणि म्हणूनच जयणा पाळण्याची शक्यताही तेथेच निर्माण होते. वाद एवढ्याने मिटत नाही. तो कित्येक घरांत सासू-सुनेच्या बोलण्यात वर्षानुवर्षे चालू राहतो, आणि वेलही वाढत राहतो.

या बागेची निवड आपोआप होते. कांदा, लसूण, मुळा, गाजर यांस मुळातच स्थान नाही. बहुबीज म्हणून वांगेही वगळले जाते. उरतात ती वेलावरची आणि शेंगांची कुळे : दुधी, दोडका, कारले, तोंडली, चवळी, गवार, भेंडी, मिरची. व्यापारी घरास कुंड्यांची ददात पडत नाही. तेलाचे पंधरा किलोचे रिकामे डबे तळाला भोके पाडून मिरची-भेंडीस पुरतात. जुने बारदान वाळलेल्या पाल्याने आणि थोड्या मातीने भरले की चवळी त्यात सुखाने वाढते. दुधीला मात्र अर्धे पिंप तरी हवे. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून लोकांस हेच पटवून दिले की, थोडी जागा आणि घरचा पालापाचोळा एवढ्यावरही पुष्कळ पिकते. मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघरातील ओला कचरा जिरवून बाग उभी राहिली. सगळा भार मातीचा ठेवला तर गच्चीस पेलत नाही, हे मात्र आधी ध्यानात घ्यावे. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी झाडांस घालावे. ते वाया जाण्यापेक्षा बरे.

खरी कसोटी किडीची. विष फवारणे नाहीच, आणि चिकट पिवळे कागद टांगून माशा अडकवणेही ज्यांस मानवत नाही त्यांनी काय करावे? फळमाशीसाठी उत्तर सोपे आहे : कोवळ्या दुधीवर, कारल्यावर फळ धरताच जुन्या मलमलीची किंवा कागदाची पिशवी चढवावी, माशी बाहेरच राहते, मरत कोणीच नाही. माव्यावर कोणी राख भुरभुरतात, कोणी अधिक माव्याची पानेच काढून टाकतात. कडुलिंबाचा अर्क निरुपद्रवी म्हणून सांगितला जातो, पण तोही किडीचा घात करतोच. काही घरे सरळ चार रोपे जास्त लावतात आणि त्यांच्या वाट्याचे त्यांना देऊन टाकतात. पेढीवर घट-तूट धरतात, तशीच ही.

हिशेब मांडला तर ही बाग तोट्याचीच. पिंप, खत, पाणी, श्रम यांच्या बदल्यात मंडईत सहज मिळेल एवढी भाजी येते. लाभ डब्यात मोजावा लागतो. श्रावणात वेल असा काही बहरतो की चार माणसांच्या घरास तीन दुधी एकदम होतात. त्यातच आठम, चौदस, पंचमी या तिथींना हिरवे वर्ज्य. मग आदल्या सायंकाळी तोड होते आणि डबे निघतात : एक साधर्मिक विधवा काकूंकडे, एक दुकानातील मुनीमजींच्या घरी, एक शेजारच्या मराठी कुटुंबात. रिकामा डबा परत करायचा नाही ही महाराष्ट्राची रीत. त्या डब्यातून कधी तिळाची चटणी येते, कधी नारळाच्या वड्या. आणि शेजारीणबाई आवर्जून सांगतात, ‘लसूण घातलेला नाही हं, भाभी.’

आणखी एक सावधगिरी, जी वाटणाऱ्याने विसरू नये. घरच्या बियांतून कधी कडू दुधी निपजतो. तो केवळ बेचव नसतो, विषारी असतो. म्हणून डबा भरण्यापूर्वी प्रत्येक दुधीची कच्ची चकती जिभेवर ठेवून पाहावी. किंचितही कडू लागली तर थुंकून टाकावी आणि तो दुधी कोणालाच देऊ नये, रसासाठी तर मुळीच नाही.

पर्युषणात पुष्कळ घरांत वेलाला हातही लागत नाही. तोडून दुसऱ्यास देणे हेही करवणे आणि अनुमोदन देणेच, असे ती मानतात. आठ दिवसांत दोन-तीन दुधी जून होऊन जातात. लहान मुले हळहळतात, सुनेलाही वाटते, एवढे वाया गेले. पण त्यांतील एक निरोगी, गोड वेलावरचा दुधी तसाच लोंबत ठेवला तर दोनेक महिन्यांत त्याची साल लाकडासारखी होते आणि हलवला की आत बिया खुळखुळतात. तोवर दिवाळी आलेली असते. वहीपूजनाच्या पाटाशेजारी कागदाच्या छोट्या पुड्या बांधल्या जातात, आठ-आठ बियांच्या, आणि फराळाच्या ताटाबरोबर शेजाऱ्यांकडे पोहोचतात.