कमवीत शिकणाऱ्याचे पहिले परिचयपत्र

परीक्षांचे निकाल लागले, की घरोघरी नोकरीच्या अर्जांचा विचार सुरू होतो. पूर्वी योग्य मायना घालून अर्ज लिहिला व खाली दाखल्यांच्या नकला जोडल्या, म्हणजे काम भागत असे. आज त्याच्या जोडीला ‘रेझ्युमे’ मागतात. शिक्षण, केलेले काम व अंगी असलेले कौशल्य एका पृष्ठावर मांडणाऱ्या या परिचयपत्राचे नमुने हवे तितके मिळतात. परंतु पोटापुरते मिळवीत शिकणाऱ्या मुलामुलींची अडचण त्यांनी सुटत नाही. म्हणून त्यांच्यापुरता विचार आम्ही येथे करणार आहो.

आमच्या घरांतून ‘बायोडेटा’ या शब्दाची पहिली ओळख होते ती लग्नाच्या निमित्ताने. मग त्याच धर्तीवर मुलगा नोकरीचे पत्र लिहावयास बसतो, आणि वडिलांचा हुद्दा, भावंडांची संख्या, जात व उंची यांनी निम्मे पान भरून टाकतो. नोकरी देणाराला यांपैकी कशाचेही प्रयोजन नसते. हे सर्व खुशाल गाळावे.

याहून मोठा दोष मात्र गाळू नये ते गाळण्याचा आहे. चार वर्षे औषधांच्या दुकानात सायंकाळी उभा राहिलेला मुलगा आपल्या पत्रात त्या दुकानाचा उल्लेखही करीत नाही. घरोघर वृत्तपत्रे टाकणे, खानावळीचा हिशेब ठेवणे, मुलांच्या शिकवण्या घेणे, ही कामे सांगण्याजोगी नाहीत असे त्याला वाटते. आणि खेदाची गोष्ट ही, की पुष्कळदा घरच्या वडीलधाऱ्यांनाही तसेच वाटते. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी पुण्यास माधुकरी मागून आणि वार लावून विद्या केली, त्यांनी नातवाच्या दुकानकामाची लाज धरावी, हे आम्हांस विपरीत दिसते. महाराष्ट्राला तर या बाबतीत उजळ परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि स्वावलंबनाने शिक्षण हे तिचे ब्रीद ठरविले; १९४७ साली साताऱ्यास निघालेल्या त्यांच्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी श्रम करून शिकावे, अशीच योजना होती. आज पुणे विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना त्यांच्याच नावाने चालते. काम करणाऱ्यांना घरबसल्या पदवी घेता यावी, म्हणून नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून उभे आहे. तेव्हा अशा विद्यार्थ्याने आपण कोणी अपवाद आहो असे मानण्याचे कारण नाही.

शिवाय हिशेबाच्या दृष्टीनेही पाहावे. नव्या पदवीधराविषयी मालकाला मुख्य शंका असते ती ही, की हा वेळेवर येईल काय, गिऱ्हाइकाशी नीट बोलेल काय, पैशाला चोख राहील काय? या शंकांचे उत्तर गुणपत्रिकेत नसते. दुकानातल्या त्या चार वर्षांत असते.

आता लिहावे कसे? व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे, तर विशेषणे थोडी वापरावी व क्रियापदांवर भर द्यावा. ‘मी मेहनती, प्रामाणिक व जबाबदार आहे’ हे वाक्य कोणीही लिहू शकतो, म्हणून त्याला किंमत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘औषधविक्रीच्या दुकानात अर्धवेळ साहाय्यक, जून २०२१ ते मे २०२५. रोज सायंकाळी चार तास. आलेला माल मुदतीच्या तारखेप्रमाणे लावला. विक्रीच्या नोंदी संगणकावर केल्या. रात्री गल्ल्याचा मेळ घालून मालकांस दिला.’ शिकवण्या घेणाऱ्या मुलीने विद्यार्थी किती, इयत्ता कोणती, विषय कोणता, हे आकड्यांनी सांगावे. काम आधी अलीकडचे, मग मागचे, या क्रमाने मांडावे. अर्धवेळ असेल तर अर्धवेळ असे स्पष्ट म्हणावे. साहाय्यकाचा व्यवस्थापक करू नये. आज संगणकाला सांगितले, की तो क्षणात सफाईदार मजकूर जुळवून देतो. परंतु मुलाखतीत प्रत्येक शब्दाचा जाब आपल्यालाच द्यावा लागतो. जुन्या मालकांचे नाव संदर्भासाठी देण्यापूर्वी त्यांची अनुमती घ्यावी.

बाह्यांगाकडेही लक्ष असावे. पहिले पत्र एका पृष्ठाचे पुरे. अनेक मोठ्या कचेऱ्यांत ते आधी यंत्र चाळते व मग माणूस वाचतो. म्हणून चौकटी व वेलबुट्टी टाळून साधा मजकूर ठेवावा, आणि जाहिरातीत ज्या कौशल्याला जे नाव दिले आहे तेच, ते खरोखर अंगी असल्यास, योजावे. पीडीएफ करून पाठवावे. ईमेलचा पत्ता आपल्या नावाचा असावा, थट्टेचा नसावा. आधार क्रमांक मात्र यात कदापि घालू नये. नेमणूक झाल्यावर तो देता येतो.

हे पत्र पाठविण्यापूर्वी मुले बहुधा घरात कोणाला तरी वाचावयास देतात. त्या वेळी पालकांनी शुद्धलेखन अवश्य तपासावे, तारखा ताडून पाहाव्या. परंतु दुकानकामाची ओळ खोडावयास सांगू नये. मुलाने ती स्वतःच गाळली असेल, तर शेजारी बसून त्याच्याकडून ती लिहवून घ्यावी.