शिंक आली आणि माणूस संपला!

मे महिना, दुपारचे दोन, आणि आम्ही तिघी पंखा बंद करून जमिनीवर पालथ्या पडलेलो. कारण काय, तर आगकाड्या. असाइनमेंटसाठी काड्यांचा एक माणूस चालवून दाखवायचा होता. मोबाइल ट्रायपॉडला लावायचा, काडी किंचित सरकवायची, फोटो काढायचा, परत सरकवायची. सेकंदाला १२ फोटो धरले तरी २० सेकंदांसाठी २४० फोटो. पंखा लावला की काड्या उडतात, म्हणून तो बंद. शंभरच्या आसपास पोचलो आणि रूममेटला शिंक आली. माणूस संपला.

रात्री वैतागून शोधत बसले, हा उद्योग आपल्याकडे आधी कुणी केलाय का? तर केलाय, आणि तोही दादासाहेब फाळक्यांनी! १९१५च्या सुमारास. फिल्मचं नावच ‘आगकाड्यांची मौज’. ‘राजा हरिश्चंद्र’वाले फाळके आपण शाळेपासून पाठ करतो, पण काड्या सरकवत बसलेले फाळके मला कुणी सांगितलेच नव्हते. त्याही आधी त्यांनी कुंडीत वाटाणा लावून त्याचा वेल कसा वाढतो हे थोडं थोडं टिपत पडद्यावर आणलं होतं, सिनेमासाठी पैसे घालणाऱ्याची खात्री पटावी म्हणून. ‘आगकाड्यांची मौज’ मात्र आता बघता येत नाही, कारण तिची प्रतच उरलेली नाही. खरं सांगते, वाईट वाटलं. शिंक आली की ते काय करत असतील, हे विचारायलासुद्धा जागा नाही.

पण नाद लागला तो लागलाच. त्यानंतर रोज जेवण झालं की लॅपटॉपवर एक विचित्र अ‍ॅनिमेशन फिल्म लावायची, असं सुरू झालं. पहिली लागली ‘आबिद’. १९७२ची, चक्क सरकारी फिल्म्स डिव्हिजनची. दिग्दर्शक प्रमोद पती चेकोस्लोव्हाकियात अ‍ॅनिमेशन शिकून आले होते. तुम्ही म्हणाल, सरकारी म्हणजे धरणं आणि खतं. इथे एक खोली आहे आणि त्यात चित्रकार आबिद सुरती. या पद्धतीला पिक्सिलेशन म्हणतात. म्हणजे चित्र किंवा बाहुली नाही, जिवंत माणसालाच एकेक फोटो काढत हलवायचं. त्यामुळे तो चालत नाही, घसरतो, फुदकतो, आणि भिंती बघता बघता रंगत जातात. हे सुरती म्हणजे ‘ढब्बूजी’वाले व्यंगचित्रकार. पुढे म्हातारपणी मीरा रोडला प्लंबर सोबत घेऊन लोकांचे गळके नळ फुकटात दुरुस्त करून देणारेही हेच. (हे कळल्यावर मी फिल्म परत पाहिली. माणूस मुळातच भन्नाट.)

फिल्म संपल्यावर रूममेट म्हणाली, “ओके. पण म्हणजे झालं काय?”

हाच तो प्रश्न. आपल्याला गोष्ट लागते, शेवट लागतो, आणि शेवट कळला नाही की ‘एक्स्प्लेन्ड’ व्हिडिओ लागतो. माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी जरा सोपी फिल्म लावली, नॉर्मन मॅकलॅरनची ‘नेबर्स’. कॅनडातली, १९५२ची, आठ मिनिटांची. दोन शेजारी, मध्ये एक फूल उगवतं, आणि फूल कुणाचं यावरून मारामारी. तीही पिक्सिलेशनमध्ये, माणसं हिरवळीवरून पाय न हलवता सरकतात. आम्ही आधी खिदळत होतो. मग मारामारी घरातल्या बायका-पोरांपर्यंत पोचते आणि हसू आपोआप थांबतं. गंमत म्हणजे या फिल्मला ऑस्कर मिळालं ते माहितीपट विभागात! तिला कुठल्या खोक्यात टाकायचं हे तेव्हा त्यांनाही कळलं नसावं.

आजोबांना फोनवर फिल्म्स डिव्हिजनचं सांगितलं तर ते हसायलाच लागले. पूर्वी थिएटरात मुख्य सिनेमाआधी या फिल्म दाखवायची सक्तीच होती. “अगं, आम्ही तेवढ्या वेळात बाहेर चहा घ्यायचो,” म्हणाले. म्हणजे समोर फुकट चालू असलेलं लोकांनी पाहिलं नाही, आणि आता मी रात्री एक वाजता शोधून शोधून पाहते. तेव्हा चहा होता, आता १.५ स्पीड आहे. माझं ऐकाल तर या फिल्म तरी त्या स्पीडवर बघू नका. कुणीतरी एकेक फोटो मोजून वेग ठरवलेला असतो. पाच मिनिटांतलं वाचवून तुम्ही वाचवणार किती?

मग आली ‘प्रिंटेड रेनबो’. गीतांजली राव यांची, २००६ साली कान महोत्सवाच्या ‘क्रिटिक्स वीक’मध्ये गाजलेली. जवळपास १५ मिनिटं, बहुतेक सगळं काम त्यांनी एकटीने हाताने केलेलं. फाळके जे. जे.चे विद्यार्थी, त्या जे. जे.च्या उपयोजित कला संस्थेच्या. आणि इथेही काडीपेट्या! एक एकटी म्हातारी, तिची मांजर, करडा फ्लॅट, करडा दिवस. तिच्याकडे काडीपेट्यांचा संग्रह असतो. एकेका पेटीवरच्या चित्रात ती शिरते आणि पडदा रंगांनी भरून जातो. संवाद नाहीत. तिच्यावर कुणी अन्याय केलाय असंही नाही. फक्त दिवस खूप मोठा आहे. शेवट सांगत नाही.

संपल्यावर ‘झालं काय?’ कुणी विचारलं नाही. रूममेट उठून बाहेर गेली. साडेदहा वाजून गेले होते. तिची आजी सांगलीला एकटी असते, आणि ती एवढ्या उशिरा फोन उचलते हे आम्हाला त्या दिवशी कळलं. अर्धा तास गॅलरीत तिचं “हो गं, जेवले गं” चाललेलं.

असाइनमेंटला मार्क बेताचेच पडले. माणूस चालतो खरा, पण एका जागी मोठ्ठी उडी मारतो, तीच ती शिंक. सरांना वाटलं आम्ही मुद्दाम केलंय.

परवा रूममेट टपरीवरून काडीपेटी घेऊन आली. आमच्यात सिगारेट कुणी ओढत नाही, आणि गॅसला लायटर आहे. पेटी माझ्यापुढे धरून म्हणाली, “यावरचं जहाज बघ ना नीट.”