गजाला बोल नाहीत

सतारीच्या विद्यार्थ्याची वही उघडली की स्वरांखाली दा, रा, दिर लिहिलेलं दिसतं. नखी आत मारायची की बाहेर, हे त्या अक्षरांवरून कळतं. तबल्याचं तर सगळं शिक्षणच बोलांवर चालतं. आता व्हायोलिनच्या विद्यार्थ्याची वही घ्या. राग, ताल, स्वर, मात्रा, समेची खूण, कालाची खूण, मुखड्याचे शब्द असं सगळं असतं. डाव्या हाताची बोटं कुठे पडायची ते त्यावरून निघतं. उजव्या हातानं काय करायचं याबद्दल मात्र बहुतेक वह्यांत एक अक्षर नसतं. ही लिपी मुळात गळ्यासाठी तयार झाली. भातखंडे काय किंवा पलुसकर काय, दोघांसमोर गाणारा विद्यार्थी होता आणि गाणाऱ्याच्या हातात गज नसतो. व्हायोलिननं ती लिपी आहे तशी उचलली आणि उजवा हात वहीबाहेर राहिला.

माझं संशोधन हिंदुस्थानी व्हायोलिन शिकवण्याच्या पद्धतीवर आहे, आणि त्यातला बराच वेळ या कोऱ्या जागेकडे बघण्यात जातो.

या विषयावर बोलायला लागलं की ‘गायकी अंग’ हा शब्द पाचव्या मिनिटाला येतो. तो येणं साहजिक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बालुस्वामी दीक्षितरांनी मद्रासमध्ये युरोपियन वादकाकडून हे वाद्य शिकून घेतलं आणि दक्षिणेत ते गाण्याच्या साथीला बसलं. आपल्याकडची मोठी नावंही गळ्याच्या आसपासचीच. गजाननबुवा जोशी स्वतः गवई. डी. के. दातारांच्या वादनावर द. वि. पलुसकरांच्या गायकीचा संस्कार. एन. राजम यांनी ओंकारनाथ ठाकुरांकडे शिकून ते गाणं तारेवर आणलं. व्ही. जी. जोग लयकारीसाठी जास्त ओळखले गेले, पण त्यांच्याही आलापात गळा होताच. तेव्हा व्हायोलिन गातं हे सगळ्यांना मान्य आहे. ते कशानं गातं, हा प्रश्न विचारला की उत्तर ठरलेलं: मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं.

मींड मोजता येते, हे त्यामागचं एक कारण असावं असा माझा संशय आहे. मुंबईच्या एनसीपीएत सुवर्णलता राव आणि विम व्हान डर मीर यांनी गायकांच्या स्वरांचे आलेख काढून रागसंगीत डोळ्यांना दिसेल असं केलं. त्यानंतर आमच्यासारख्या विद्यार्थ्यांना वाट सोपी झाली. अ‍ॅमस्टरडॅमला भाषाशास्त्रज्ञांसाठी तयार झालेलं ‘प्राट’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ध्वनिमुद्रण त्यात टाकायचं, की स्वराची रेघ पडद्यावर उमटते. ते मूळचं बोलण्यासाठी बेतलेलं असल्यामुळे वरची मर्यादा वाढवून घ्यावी लागते, नाहीतर तार षड्जाच्या पुढे रेघ खाली कोसळते. तानपुरा जवळ ठेवला असेल तर रेघ मध्येच त्याच्याकडे पळते. पण एकदा बसली की गंधारावरून पंचमावर बोट कसं सरकलं, वाटेत मध्यमाला किती शिवलं, सगळं दिसतं. तारेची लांबी साधारण तेहतीस सेंटिमीटर. खुंट्यांच्या बाजूला एका अर्धस्वराचं अंतर जेमतेम अठरा मिलिमीटर, आणि श्रुतीएवढा फरक म्हणजे चार मिलिमीटर. इतकं बारीक मोजायला मिळतंय म्हटल्यावर प्रबंध मींडेवरच निघणार. मीही पहिलं प्रकरण त्यावरच लिहिलं.

विषय वळला तो ताईंच्या शिकवणीत.

ताई पुण्यात घरीच शिकवतात. सतरंजीवर मांडी घालून बसायचं, व्हायोलिनचं डोकं उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवायचं, दुसरं टोक खांद्याशी. पाश्चात्त्य पद्धतीत वाद्य हनुवटीनं धरतात. इथे ते दोन ठिकाणी टेकलेलं असतं, म्हणून डावा हात मोकळा राहतो आणि तारेवर लांबवर घसरू शकतो. बोटांना खोबरेलाचा हात. ताई व्हायोलिन क्वचितच हातात घेतात. ओळ गातात, आणि समोरच्यानं ती वाजवायची.

त्या दिवशी यमनची मध्यलयीतली बंदिश चालली होती. समोर अकरावीतली मुलगी. तिनं मुखडा वाजवला. स्वर चोख, तीव्र मध्यम जिथे हवा तिथे, मींडही छान. ताईंनी मान हलवली.

“शब्द कुठायत तुझे?”

मुलीला कळेना. व्हायोलिनवर शब्द कुठून येणार?

“अगं, एका शब्दाचे दोन तुकडे केलेस. गज मध्येच कशाला उलटवला? आणि पुढचा शब्द आला तेव्हा ओढतच राहिलीस. आता तोंडानं म्हण.”

तिनं म्हटलं. ताईंनी प्रत्येक अक्षराला हवेत हात उलटवून दाखवला: हा आत, हा बाहेर, हे दोन एकात, आणि समेच्या अक्षराला नवा गज. पुढच्या खेपेला स्वर तेच होते, पण ओळ बोलली. मी आलेख काढून पाहिले. दोन्ही खेपांची स्वरांची रेघ एकमेकींवर ठेवली तर फारसा फरक सापडत नव्हता. म्हणजे ज्या साधनानं मी गायकी शोधत होते, त्याला ती दिसतच नव्हती.

तेव्हापासून काम बदललं. आता कॅमेरा उजव्या मनगटावर रोखलेला असतो. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घ्यायचा, आणि दोन्ही नंतर जुळावेत म्हणून सुरुवातीला एक टाळी वाजवायची. घरी आल्यावर प्राटमध्ये रेघेखाली चार पट्ट्या आखायच्या: स्वर, बोट, गज, शब्द. मग चित्रफीत एकेक चौकट पुढे सरकवत गज कुठे उलटला ते बघायचं आणि त्या क्षणी तिसऱ्या पट्टीत खूण करायची. सेकंदाला पंचवीस चौकटी असतील तर दोन चौकटींत चाळीस मिलिसेकंद जातात. इतक्या वेळात गज उलटून मोकळा झालेला असतो, म्हणून पन्नास चौकटींवर चित्रण करते. एका आवर्तनाला संध्याकाळ जाते. हे काम विलक्षण कंटाळवाणं आहे, आणि मला ते आवडतं.

खुणा वाढल्या तसं एक लक्षात आलं. गज उलटणं दोन प्रकारचं असतं: एक दाखवायचं, एक लपवायचं.

गजाचे केस साधारण पासष्ट सेंटिमीटर. विलंबित एकतालात एक आवर्तन सहज पाऊण मिनिट घेतं, आणि गवई एका दमात षड्जावर दहा-बारा सेकंद थांबतो. तेवढा वेळ एका गजात टिकायचं तर तो सेकंदाला पाच-सहा सेंटिमीटरच्या पुढे नेता येत नाही. त्या चालीनं आवाज बारीक होतो. मग गज वाटेत उलटवावा लागतो, पण कळू द्यायचा नाही, कारण गवयानं श्वास घेतलेला नसतो. उलट अक्षर आलं की तोच गज ठसठशीत उलटला पाहिजे, नाहीतर व्यंजन ऐकू येणार नाही. नवशिक्याच्या आवाजाच्या आलेखात दर उलटीला खोल खाच पडते, सगळ्या सारख्या. ताईंच्या शिष्यांपैकी जे पुढे गेले आहेत, त्यांच्याकडे काही खाचा जवळजवळ बुजलेल्या असतात आणि काही मुद्दाम कोरल्यासारख्या असतात. कोरलेल्या खाचा शब्दांच्या पट्टीशी जुळतात.

खाच का पडते याचं उत्तर भौतिकशास्त्रात आहे, आणि ते आपल्या देशातही शोधलं गेलं आहे. राळ लावलेला केस तारेला चिकटतो, ओढतो, तार सुटते, पुन्हा चिकटते. स्वराची जेवढी कंपनसंख्या तेवढ्या वेळा दर सेकंदाला हे घडतं. ही हालचाल हेल्महोल्ट्झनं एकोणिसाव्या शतकात दाखवली. सी. व्ही. रामन यांनी कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये तिचा सिद्धान्त मांडला. त्यांचा तो प्रबंध 1918 चा. पुढे त्यांनी व्हायोलिन वाजवणारं यंत्रच केलं. त्यात गज एका जागी आणि पुढेमागे सरकायचं ते व्हायोलिन. गजाचा वेग, घोडीपासूनचं अंतर आणि किमान दाब यांचा हिशोब त्यांनी त्यावर मांडला. प्रकाशाच्या विकिरणासाठी नोबेल मिळालेल्या माणसानं गजाच्या दाबावर एवढा घाम गाळला होता, हे संगीत विभागात फारसं कुणी सांगत नाही. गज उलटताना वेग शून्यावर येतो, चिकटण्या-सुटण्याची घडी मोडते आणि ती पुन्हा बसायला काही मिलिसेकंद जातात. त्या वेळात जे ऐकू येतं ती खरखर. मनगट आणि बोटं सैल असतील तर घडी लवकर बसते. ताई याला ‘मनगटात पाणी हवं’ म्हणतात.

पाश्चात्त्य परंपरेनं हा हात कधीच वहीबाहेर ठेवला नाही. लिओपोल्ड मोझार्टच्या 1756 च्या पुस्तकात गज खाली कुठे न्यायचा, वर कुठे, याचे नियम पानोपानी आहेत. ल्युसियाँ कापेनं तर 1916 मध्ये केवळ गजाच्या तंत्रावर ग्रंथ लिहिला. क्रॉयट्झरच्या 42 अभ्यासांतला दुसरा अभ्यास आजही विद्यार्थी गजाच्या नाना प्रकारांनी घोटतात. स्वर तेच, फक्त उजवा हात बदलतो. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत सोल्फेजो आणि व्हायोलिन शिकून जे वादक मुंबईच्या सिनेसंगीतात आले, ते हीच शिस्त घेऊन आले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, त्याच पिढीतले. खाली तोंड असलेला चौकोनी कंस म्हणजे गज खाली, इंग्रजी व्ही म्हणजे वर. या खुणांमुळेच रांगेतले सगळे गज एका वेळी एका दिशेला जातात.

त्याच शहरांत, कधी त्याच स्टुडिओत, दुसरी शाळाही होती. प्रभाकर जोगांनी पुणे आकाशवाणीच्या गीतरामायणात साथ केली आणि पुढे ‘गाणारं व्हायोलिन’ या नावानं मराठी भावगीतं वाजवली. शब्द नसताना शब्द ऐकू येतात, असं लोक त्याबद्दल म्हणत आले आहेत. गाणं आधीच पाठ असतं म्हणून तसं वाटतं, हा आक्षेप मला अर्धाच पटतो. तीच पाठ गाणी दुसऱ्या कुणी वाजवली की कितीदा नुसती चालच ऐकू येते. अशा वादनात गजाच्या उलट्या अक्षरांवर पडतात का, हे जुन्या ध्वनिमुद्रणांवरूनही तपासता येतं. चित्र नसलं तरी खाचा असतात. मागे वाद्यमेळ नसलेला तुकडा मिळाला पाहिजे, एवढीच अट.

मग गजाच्या खुणा वहीत का लिहू नयेत? मी यमनच्या मुखड्यावर कंस आणि व्ही घालून ताईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट वाचलं.

“हे मी परवा वाजवलं ते आहे. आज असं वाजवणार नाही.”

आणि खरंच नाही वाजवलं. दुसऱ्या चित्रणात मधल्या बऱ्याच उलट्या सरकल्या होत्या. सम आणि समेच्या आधीचं अक्षर मात्र दोन्हीकडे नव्या गजावरच होतं. तिसऱ्या, चौथ्या बंदिशीतही तोच कल दिसतो. म्हणजे काही जागा बांधलेल्या आहेत आणि बाकीच्या त्या वेळच्या उपजेच्या. ताईंचं म्हणणं असं की सगळं लिहिलंत तर मुलं कागद वाजवतील. माझं म्हणणं, बांधलेल्या जागा तेवढ्या लिहू, म्हणजे जी मुलं ताईंसमोर बसू शकत नाहीत त्यांना निदान शब्द तोडायची सवय लागणार नाही. यावर आमचं एकमत झालेलं नाही. माझ्या परिशिष्टात सध्या फक्त बांधलेल्या जागांना खूण आहे.

तानेचं गणित अजून सुटायचं आहे. द्रुत तानेत एका गजात किती स्वर गेले ते ऐकून सांगता येत नाही, आणि चित्रफितीत गज धूसर होतो. परदेशातल्या प्रयोगशाळांत गजावर संवेदक बसवतात. पण गज जेमतेम साठ ग्रॅमचा, त्यावर काही चढवलं की तोल बदलतो, आणि ताईंनी ते एका वाक्यात उडवून लावलं. लहान मुलांच्या गजावर पाव, अर्धा आणि पाऊण अंतराला रंगीत चिकटपट्टी लावतात, तशी लावायला त्या तयार झाल्या आहेत. पांढरी लावू, असं ठरलं. पुढच्या चित्रणाला कॅमेराही सेकंदाला एकशेवीस चौकटी घेणारा आणायचा आहे.