एका एकराची सीट

आमच्या घरात ‘फर्स्ट क्लास’ हा शब्द दोनच कामांसाठी वापरला जायचा. एक म्हणजे दहावी-बारावीचे मार्क. आणि दुसरं, पाहुण्यांनी जेवल्यावर द्यायची दाद, ‘एकदम फर्स्ट क्लास झालंय वहिनी!’ रेल्वेला फर्स्ट क्लासचा डबा असतो हे माहीत होतं, पण किर्लोस्करवाडी स्टेशनवर आमची धाव कायम जनरलच्या दिशेनं. विमानातही असला काही प्रकार असतो, हे मला पुण्यात नोकरीला लागल्यावर कळलं. तेसुद्धा इकॉनॉमीत जाताना पडद्याच्या फटीतून.

तर मंडळी, मी त्या पडद्याच्या पलीकडे जाऊन आलोय! दुबई ते न्यूयॉर्क, चौदा तास, एमिरेट्सचं ए-३८०. आणि आधीच सांगतो, पैसे भरून नाही.

फंडा साधा आहे. कंपनी लांबच्या प्रवासाला बिझनेस क्लास देते. पाच-सहा वर्षं क्लायंटच्या मागे फिरून माझ्या खात्यात माइल्स साठले होते, त्यात क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स वळवून टाकले. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कची ट्रिप लागली, तेव्हा एका बाजूच्या लांब टप्प्यापुरतं अपग्रेड मिळण्याइतका तो आकडा झाला. ऑफिसातले म्हणाले, ‘वेडा आहेस का, एवढ्यात गोव्याच्या चार ट्रिपा होतील!’ हिशेब त्यांचा बरोबर होता. पण माइल्स म्हणजे शेवटी काय? घरी नसलेल्या दिवसांची पावतीच ना! २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, आमच्याच तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, तेव्हा मी फ्रँकफर्टच्या एका हॉटेलात बसून फोन लावत होतो. लागत नव्हता. त्या ट्रिपचेही माइल्स मला मिळालेच की. म्हटलं, हे असे साठवलेले दिवस एकदाच, एका रात्रीत उडवून टाकू.

उत्सुकता म्हणून त्याच तारखांचं फर्स्ट क्लासचं जाण्या-येण्याचं भाडं साइटवर बघितलं. सात लाखांच्या वर! माझं डोकं अजून पलूसच्या मापात चालतं. आमच्याकडे द्राक्षबागेला एकरी वर्षाचा खर्च साडेतीन लाखांच्या आसपास येतो. खत, औषधं, मजुरी, डिपिंग, सगळं धरून. म्हणजे हे तिकीट झालं दोन एकराचं. मला एकाच बाजूचं मिळालेलं, म्हणून माझी सीट एक एकराची.

निघताना आबांनी विचारलं होतं, “तिकीट कितीला पडलं रं?”

“ऑफिसनं काढलंय,” मी म्हणालो. खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं.

दुबईला फर्स्ट क्लासवाल्यांचा लाउंज म्हणजे ए कॉनकोर्सचा अख्खा मजलाच आहे. त्यात माणसं इतकी कमी, की आपण बंद झालेल्या मॉलमध्ये घुसलोय असं वाटतं. तिथूनच लिफ्टनं थेट विमानात. ‘कृपया रांगेत उभे राहा’ ही भानगडच नाही. मी जन्मभर रांगेत वाढलेला माणूस. रॉकेलची रांग, एसटीच्या पासाची रांग, अमेरिकन व्हिसाची रांग. त्यामुळे रांग नसली की मला चुकल्यासारखं होतं. दोनदा मागे वळून बघितलं.

आणि तिथेच फोन वाजला. आबा.

“आभाळ भरून आलंय. पोचलास का?”

“दुबईत आहे. पुढचं विमान आता.”

“बरं. पहाटं फवारा घ्यावा लागतोय बघ. फुलोऱ्यात हाय बाग.”

बागायतदाराच्या पोराला एवढ्या वाक्यात सगळं कळतं. ऑक्टोबर छाटणी झालेली, बाग फुलोऱ्यात, आणि वर ढग. अशा वेळी पाऊस पडला की दावण्या येतो. पानावर तेलकट डाग, मग घडावर, आणि चार दिवसांत वर्षाचं पीक गळून खाली. आबांच्या आवाजात घाबरल्याचं काही नव्हतं. त्यांचा आवाज तसा कधीच नसतो, म्हणून तर मला भीती वाटते.

असो. विमानात या.

ए-३८०च्या वरच्या मजल्यावर, पुढच्या टोकाला चौदा स्वीट आहेत. (हे स्वीट म्हणजे गोड नव्हे, सरकतं दार असलेली चिमुकली खोली.) दार बटणानं बंद होतं. आत भलामोठा स्क्रीन, छोटा मिनीबार, आरसा, आरशाभोवती दिवे. सीटची बटणं दाबून बघण्यात माझा पहिला अर्धा तास गेला. एकदा चुकून पाय वर आणि डोकं खाली असा अवतार झाला, तेवढ्यात हवाईसुंदरी खजुराची थाळी आणि अरबी कॉफी घेऊन दारात. तिच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. याला म्हणतात ट्रेनिंग!

मग पायजमा मिळतो. हो, रात्री घालायचा पायजमा, घरी न्यायलाही परवानगी. आणि सगळ्यात धमाल म्हणजे अंघोळ. या विमानात दोन शॉवर आहेत. अर्ध्या तासाची वेळ घ्यायची, त्यात गरम पाणी पाच मिनिटं. पाणी किती उरलं ते दाखवणारे दिवे समोर. ते दिवे बघत साबण लावताना मला आमच्या बागेचं ड्रिप आठवलं. तिथंही घड्याळ लावूनच पाणी. फरक एवढाच, की चाळीस हजार फुटांवर पाणी संपलं तर कुणी विहिरीकडे पळत नाही.

आपल्याकडे हा थाट नवीन नाही बरं का. ८ जून १९४८ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं, तेव्हा त्यात अवघे पस्तीस प्रवासी होते. १९७१ला आलेल्या ‘एम्परर अशोक’ या जंबोमध्ये तर गोल जिना चढून वरच्या मजल्यावर दिवाणखाना होता. २००७ला जेट एअरवेजनं दार बंद होणारे स्वीट आणले, तेव्हा आपल्यासारख्या मासिकांनी त्याचे पानभर फोटो छापले होते. ती कंपनी २०१९च्या एप्रिलमध्ये जमिनीवर आली ती आलीच. आणि गंमत बघा, एअर इंडियाची २०२४मध्ये सेवेत आलेली नवी ए-३५० विमानं फर्स्ट क्लासशिवायच आली. जगभर बऱ्याच कंपन्यांनी तेच केलंय. बिझनेस क्लासची सीटच आता आडवी होऊन पलंग होते, दारही लागतं. मग एवढे जास्तीचे पैसे कोण भरणार? जे भरतात त्यांना, माझ्या मते, सीट नको असते. आपल्या शेजारी कोणी नाही ही खात्री हवी असते.

जेवण हवं तेव्हा मागायचं. कॅव्हियार आलं, शिंपल्याच्या चमच्यासकट. माशाची अंडी. ठीक आहे. (मला विचाराल तर बॅगेत भिलवडीच्या चितळ्यांची बाकरवडी होती, ती त्यापुढे कितीतरी सरस. लपून खाल्ली.)

तेवढ्यात फोन टुणकला. विमानात वायफाय असतं, ही सुखसोय आहे की शिक्षा ते तुम्ही ठरवा. चुलतभावानं फोटो पाठवला होता. द्राक्षाचं पान, वर टॉर्चचा उजेड, मध्ये तेलकट पिवळा डाग. खाली एकच ओळ: ‘पाऊस चालू. काका बागेतच हायत.’

आणि नेमकं तेव्हाच तिनं वाइनची यादी पुढे केली. “सर, रेड घेणार का? ऑस्ट्रेलियन शिराझ आहे.”

शिराझ.

आता थोडं मागं जावं लागेल. २००१मध्ये राज्य सरकारनं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. एमआयडीसीनं दोन वाइन पार्क काढले, एक नाशिककडे विंचूरला आणि दुसरा आमच्या पलूसला. तुम्ही दचकलात ना? पलूस आणि वाइन! ज्या गावाची ओळख शेजारी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१०ला वसवलेली वाडी आणि पलीकडे प्रतिसरकारचं कुंडल अशी, तिथं फ्रान्सची नावं घेतली जायला लागली. कॅबरने, शिराझ, शेनिन. आमच्याकडचे लोक ‘क्याबरनेट’ म्हणायचे. खाण्याच्या द्राक्षाला घड लांब हवा, मणी जाड हवा, त्यासाठी जीएचं डिपिंग, विरळणी, सतराशे साठ कामं. वाइनच्या द्राक्षाला मणी बारीकच चालतो, खर्च कमी, आणि भाव करार करून आधीच ठरलेला. ऐकायला सोन्यासारखं.

आबांनी २००५मध्ये एक एकर शिराझ लावली. आबा माळकरी. घरात कांद्याचा वास आला तरी एकादशीला भुवया चढणार. गावातल्या कोणीतरी विचारलंच, ‘माळ घालून दारूची द्राक्षं?’ आबा म्हणाले, “मी द्राक्षं पिकवतोय. पुढं त्याचं काय करायचं ते त्येंचं त्येंनी बघावं.” दोन वर्षं पैसे वेळेवर आले. काळे-जांभळे, बारीक मण्यांचे घड, हाताला लागले की बोटं दिवसभर जांभळी. मी तेव्हा सांगलीला वालचंदमध्ये इंजिनिअरिंगला होतो. माझी फी त्यातूनच जायची.

मग २००८ आलं. जगात मंदी, इकडे मुंबईवर हल्ला, हॉटेलं रिकामी. वाइनचा खप बसला आणि टाक्या भरलेल्या राहिल्या. ज्यांच्याशी करार होता त्यांनी माल उचलला, पण पैसे दिले नाहीत. पुढच्या हंगामात मालही उचलला नाही. आबा सहा महिने हेलपाटे घालत होते. माझ्या शेवटच्या वर्षाची फी आईच्या पाटल्यांतून गेली, हे मला नोकरी लागल्यावर कळलं. २०१०ला जेसीबी आणून ती एकर काढून टाकली. एकटे आमचेच आबा नव्हेत, नाशिकपासून सांगलीपर्यंत कित्येकांनी तेच केलं. त्या जागेवर आता परत खायची द्राक्षं आहेत. आज मावा टिपलेलं पान तिथलंच होतं का, ते फोटोवरून कळत नव्हतं. मावा नव्हे, दावण्या. बघा, शहरात राहून रोगांची नावंही चुकायला लागली.

“सर?”

“द्या,” मी म्हणालो.

विमानात चव बोथट होते, हे वाचून होतो. केबिनमधला हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तेवढाच, आणि हवा वाळवंटासारखी कोरडी. नाक सुकतं, जीभ मंदावते, गोड आणि खारट कमी लागतं. लुफ्थान्सानं यावर जर्मनीत प्रयोगही करून घेतले, कारण जमिनीवर न खपणारा टोमॅटो ज्यूस विमानात का खपतो हे त्यांना कोडं होतं. वाइनचं तसंच. फळाचा वास दबतो, तुरटपणा पुढे येतो. म्हणून विमानातल्या वाइन जरा जास्त फळाळ निवडतात म्हणे.

मी घोट घेतला. तुरट लागली. आणि मला कळेना, हा तुरटपणा उंचीचा, वाइनचा, की माझा.

तिनं सीटवर गादी अंथरली. पांढरीशुभ्र चादर, जाड दुलई, छतावर बारीक चांदण्यांसारखे दिवे. दार सरकवलं. खरं सांगतो, इतका आरामशीर बिछाना मी कुठल्याही हॉटेलात बघितला नाही. आणि मी जागा. दर वीस मिनिटांनी फोन. रात्री कधीतरी चुलतभावाचा मेसेज आला, ‘पाऊस थांबला. फवारा चालू.’ पुढच्या दोन तासांनी, ‘झालं. काका झोपले.’ मी नकाशा लावला. आमचं विमान अटलांटिकवर होतं. आबा झोपले, मग मीही डोळे मिटले, तोवर नाश्त्याची वेळ झालेली.

तर आता तुमचा प्रश्न, करावा का असा प्रवास? माइल्स असतील तर एकदा जरूर. नियम सारखे बदलतात, तेव्हा साठवत बसू नका. आणि रात्रीच्या विमानानं जाऊ नका, झोपण्यात निम्मी मजा वाया जाते. मला तर तीही नाही मिळाली.

डिसेंबरात घरी गेलो. निम्म्या बागेचे घड गळाले होते, निम्मे तरले होते. आबा त्याला ‘वाचली’ म्हणतात. रात्री जेवणं झाल्यावर मी बॅगेतून तो पायजमा काढून त्यांना दिला आणि सगळं खरं सांगून टाकलं. एका एकराचा हिशेबही. मला वाटलं, चिडतील. त्यांनी पायजम्याचं कापड बोटांत धरून बघितलं.

“एवढ्या पैशात झोप तरी लागली का?”

“नाही.”

“बरोबर हाय,” म्हणाले.

मग मी सोबत आणलेलं वाइनचं कार्ड दाखवलं. आबांनी चष्मा लावला, इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवत गेले आणि एका ओळीवर थांबले. “ही आपलीच का?”

“जात तीच. ही ऑस्ट्रेलियातली.”

“तू पिलास?”

मी मान हलवली. आई आतून बघत होती.

“कशी लागती?”

“तुरट.”

आबांनी चष्मा काढला. “तुरट? आपली तर गोड हुती,” म्हणाले आणि ते कार्ड टीव्हीखालच्या खणात, सोसायटीच्या पासबुकांबरोबर ठेवून दिलं.