वेग जुळला, पण कशामुळे? जुन्या फ्लाइट सिम्युलेटरच्या फाइलमधून मॉडेलिंग

मॉडेलिंगचा हात बसवायचा असेल तर सुरुवात कुठून करू, असं पालघर-बोईसरकडचे एमएस्सीचे विद्यार्थी विचारतात. माझं उत्तर ऐकून बरेच जण आधी हसतात. घरात जुना डेस्कटॉप धूळ खात पडला असेल, तर त्यावर मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर २००४ टाका. आणि विमान उडवण्याआधी त्याची फाइल उघडा.

हा गेम २००३ साली आला, राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाची शंभरी होती तेव्हा. त्यात प्रत्येक विमानाचं स्वतंत्र फोल्डर असतं. आत मॉडेल, पॅनेल, साउंड, टेक्स्चर अशी उपफोल्डरं, एक ‘.एअर’ फाइल (ही नोटपॅडमध्ये उघडली तर नुसता कचरा दिसतो) आणि एक ‘एअरक्राफ्ट.सीएफजी’. ही शेवटची साधी टेक्स्ट फाइल आहे. उड्डाणाची गणितं गेमच्या इंजिनात बंद असतात, त्यांना हात लागत नाही. पण त्या गणितांत जाणारे आकडे, म्हणजे वजन, पंखांचं क्षेत्रफळ, इंजिनाची ताकद, हवेचा विरोध, हे सगळे इथे उघडे पडलेले असतात. समीकरण वेगळं आणि पॅरामीटर वेगळे, हे पुस्तकात दहा वेळा वाचून जे डोक्यात शिरत नाही ते इथे पाच मिनिटांत शिरतं.

आता एक प्रयोग करा. सेसना १७२ घ्या. हवामान ‘क्लिअर’ ठेवा, वारा शून्य. मुंबईहून किनारा डाव्या हाताला धरून उत्तरेला निघा. अर्नाळा, केळवे, सातपाटी करत तारापूरपर्यंत. उंची ठरवून घ्या आणि पूर्ण थ्रॉटलवर वेग स्थिर झाला की लिहून ठेवा. समजा तो १२० नॉट आला, आणि तुम्हाला हवाय १२४.

फाइलमध्ये दोन जागा आहेत. पिस्टन इंजिनच्या विभागात ‘पॉवर स्केलर’ आणि फ्लाइट ट्यूनिंगच्या विभागात ‘पॅरासाइट ड्रॅग स्केलर’. १.० म्हणजे मूळ किंमत. सपाट उड्डाणात, वेग बऱ्यापैकी असताना, लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. त्यामुळे पॉवर १.१ केली की वेग १.१ च्या घनमुळाइतका, म्हणजे सुमारे ३ टक्के वाढतो. १२० चे १२४. झालं काम!

पण पॉवरला न शिवता ड्रॅग ०.९ च्या आसपास आणला तरी वेग तेवढाच येतो.

म्हणजे आता तुमच्याकडे दोन विमानं आहेत. एकाचं इंजिन दांडगं, दुसऱ्याचं अंग गुळगुळीत. वेगाच्या काट्यावर दोन्ही सारखीच. यातलं ‘खरं’ कुठलं? तारापूरची फेरी दहा वेळा मारा, पन्नास वेळा मारा, सरासरी काढा, एरर बार लावा, उत्तर मिळणार नाही. कारण तुम्ही जे मोजताय त्यात पॉवर आणि ड्रॅग गुणोत्तराच्या रूपातच येतात. याला आयडेंटिफायेबिलिटीचा प्रश्न म्हणतात. नाव जड आहे, पण गोष्ट एवढीच.

सुटका वेगळ्या प्रकारच्या मोजणीत आहे. विमान वर चढवून बघा. चढण्याचा दर शिल्लक शक्तीवर ठरतो. सोयीचे आकडे घेऊ: चढताना इंजिन १०० देतंय, हवेत टिकायला ५० लागतात, शिल्लक ५०. कमी वेगात ड्रॅगचा मोठा भाग पंखांनी उचल निर्माण करण्यातून येतो. समजा पॅरासाइट ड्रॅगचा वाटा निम्मा, म्हणजे २५. पॉवर १० टक्के वाढवली तर शिल्लक ६० होते, चढण्याचा दर २० टक्क्यांनी वाढतो. ड्रॅग १० टक्के घटवला तर २५ चे २२.५ होतात, शिल्लक ५२.५, वाढ फक्त ५ टक्के. सपाट उड्डाणात जुळी दिसणारी विमानं चढताना लगेच वेगळी पडतात. इंजिन बंद करून घसरत आणलं तरी तेच: पॉवरवालं मूळ विमानासारखंच खाली येईल, ड्रॅगवालं थोडं सावकाश.

हे करताना मूळ फोल्डर कॉपी करून दोन वेगळी फोल्डरं बनवा आणि प्रत्येकात ‘टायटल’ची ओळ बदला, नाहीतर गेम गोंधळतो. एकाच फाइलमध्ये दोन ‘फ्लाइटसिम’ विभाग घालून भागणार नाही. त्यांनी रंग वेगळा मिळतो, पण ट्यूनिंगचे आकडे दोघांना एकच लागू होतात. आणि नोटपॅड कधी कधी फाइलच्या शेपटीला ‘.टीएक्सटी’ चिकटवतं, तेवढं बघा. फाइल बदलल्यावर विमान परत लोड करायचं.

आता तारापूरला उतरून एमआयडीसीकडे बघा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सीईपीआय यादीत तारापूर ९३.६९ गुणांवर होतं, देशात सगळ्यात वर. इथल्या हवेवर प्रोजेक्ट करायचं तुमच्यापैकी कुणाच्या तरी मनात असेलच. धुरासाठी जे गाउसियन प्लूम मॉडेल शिकवतात, त्याच्या साध्या रूपात चिमणीतून निघणारं प्रमाण भागिले वाऱ्याचा वेग असा एकच तुकडा येतो. सेकंदाला २० ग्रॅम आणि वारा ४ मीटर, किंवा १० ग्रॅम आणि वारा २ मीटर: वातावरणाची स्थिरता तीच धरली तर जमिनीवरचा आकडा दोन्हींत सारखाच. एक जण म्हणणार कारखान्याने जास्त सोडलं, दुसरा म्हणणार वारा पडला होता. आणि तुमचं मॉडेल दोघांनाही ‘बरोबर’ म्हणेल.

इथे बहुतेकांना सुचतं ते म्हणजे आणखी मॉनिटर बसवू. त्याच वाऱ्याच्या दिशेत दहा मॉनिटर ठेवले तरी सगळ्यांचे आकडे त्याच एका तुकड्याने वरखाली होतात. ती तारापूरची पन्नासावी फेरी झाली. तुम्हाला हवी ती चढाईची चाचणी, म्हणजे चिमणीवरची थेट मोजणी किंवा जागेवरचा वाऱ्याचा वेग.

एअरमॉडसारखं मॉडेल प्लूम किती वर जातो वगैरे बरंच जास्त हिशेबात घेतं, पण तेही टेक्स्ट फाइलवरच चालतं आणि वारा त्याला हवामानाच्या फाइलमधून मिळतो. गाइडने दिलेली फाइल असली तरी ती उघडा आणि वारा कुठल्या केंद्राचा आहे ते बघा. सांताक्रूझचा वारा बोईसरच्या चिमणीला लावलेला असेल, तर दुपारी समुद्रावरून येणारा वारा दोन्हीकडे सारखाच असतो का, हा प्रश्न व्हायवात येणारच. त्याआधी तो तुमच्या वहीत आलेला बरा.