पाचट राखणारं घर

जानेवारीची सकाळ. पंचगंगेकाठच्या या शिवारात धुकं अजून उठलेलं नाही आणि त्यात धूर मिसळतो आहे. शेजारच्या फडात तोडणी झाली, टोळी हलली आणि मालकानं पाचटाला काडी ओढली. वाळका पाला तडतडत पेटतो. त्याची काळी कात्रणं वाऱ्यावर बांध ओलांडून अलीकडे येतात.

अलीकडचं रान पाचटाखाली पुरतं झाकलेलं आहे. इथलाही ऊस कालच कारखान्याला गेला, आणि आज एकाच घराच्या तीन पिढ्या इथं राबताहेत. आज्जा बांधावर बसून कोयत्यांना धार लावतात. त्यांचा मुलगा बुडखे छाटतो. सून, म्हणजे वहिनी, बुडख्यांवरचं पाचट ओढून सरीत दाबतात. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली नात बॅरलमधल्या शेणकाल्यात पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन कालवते आहे.

"या पावणं, पर चपला घालूनच या. बुडखं टोचत्यात," आज्जा हाक मारतात.

मी वाकून बघतो. कोयता मातीला घासत जातो आणि बुडखा जमिनीलगत सपाट होतो. तो उंच राहिला तर वरचे डोळे फुटतात आणि फुटवा लेचापेचा येतो. खाली छाटला की जमिनीतले डोळे जोमानं उठतात. या खोडव्याला नांगर लागणार नाही. कोल्हापूरच्याच प्रताप चिपळूणकरांनी विना नांगरणीची शेती स्वतःच्या रानात करून दाखवली, ती या घरानं मनावर घेतली आहे. पिकाच्या मुळ्या उपसायच्या नाहीत, जागेवरच कुजू द्यायच्या. त्या कुजल्या की मागे राहिलेल्या पोकळ्यांतून हवा आणि पाणी खाली उतरतं.

नात आता पाचटावर युरिया आणि सुपर फॉस्फेट फेकते आहे. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राच्या शिफारशीतलं प्रमाण तिला पाठ आहे. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं. त्यावर ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो जिवाणू संवर्धन. युरिया कशाला, असं मी विचारतो. "पाचटात कर्ब भरपूर, पण नत्र जेमतेम अर्धा टक्का. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र कमी पडला तर ते मातीतला ओढून घेतात. मग फुटवे पिवळे पडतात." हात न थांबवता ती सांगते. माती सुधारायची म्हणून रासायनिक खताचं नावच काढायचं नाही, असा हट्ट या घरात नाही. मातीतलं जितराब जगलं पाहिजे, एवढंच इथं बघितलं जातं.

"आमच्या येळंला तोडणी झाली की पयलं काडी," आज्जा सांगतात. "रान लख्ख दिसलं की शेतकरी चांगला, अशी समजूत. पर दरसाल खताची पोती वाढाय लागली आन् उतारा घसराय लागला. मग पोरगं म्हणालं, जाळायचं न्हाय. मी नको म्हणत हुतो."

"आण्णांचं पण खरं हुतं," मुलगा कोयता थांबवतो. "पाचटात पयलं पाणी लवकर फिरत न्हाय. रातीची लाईट, पाणी पुढं सरकंना. वैताग येतो. पर पुढची पाळी लांबती, वल टिकती."

"आणि भांगलण?" वहिनी मध्येच म्हणतात. "पाचट हाय तितं गवातच डोकं वर काढत न्हाय. ते कुणी बोलत न्हाय." त्यांचं बरोबर आहे. उसाच्या सरीत दिवसभर वाकून खुरपं चालवतात त्या बायकाच. आच्छादनानं त्यांच्या पाठीवरचा भार हलका केला आहे, आणि तो हिशेब खताच्या पोत्यांइतकाच मोठा आहे.

पलीकडच्या तुकड्यात, गेल्या हंगामात राखलेलं पाचट नात हातानं बाजूला करते. खाली पांढऱ्या बुरशीचे तंतू, गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या, बोटात सहज कुस्करणारी काळी माती. तिथलं एक ढेकूळ ती उचलते, दुसरं शेजारच्या नांगरलेल्या रानातलं आणते. ती दोन्ही, याच दोन रानांतल्या बांधावर आधी वाळवून ठेवलेल्या ढेकळांशेजारी ठेवते. वाळलेल्यांतलं प्रत्येक रानाचं एकेक ती पाण्यानं भरलेल्या दोन काचेच्या पेल्यांत सोडते. नांगरलेल्या रानातलं ढेकूळ बुडबुडे सोडत ढासळतं, पाणी गढूळ होतं. घरच्या रानातलं तसंच धरून राहतं, पाणी नितळ. मुळ्यांनी, बुरशीनं आणि सेंद्रिय पदार्थांनी मातीचे कण एकमेकांना बांधून ठेवलेले आहेत. वळवाच्या पावसात कुठली माती ओढ्याला जाईल, ते दोन पेले बघून कुणालाही कळावं.

आज्जा दोन्ही पेल्यांकडं बराच वेळ बघतात. "सातबारा पोरांच्या नावावर हुईल वो," ते म्हणतात, "पर त्यात माती किती ऱ्हाती, त्ये आपुन बघायचं."

मला वाटतं, शेतीचा खरा वारसा हाच. तो राखायला आजोबांचा अनुभव, मुलाची जोखीम, सुनेचे कष्ट आणि नातीचं शिक्षण, सगळं एकाच रानात यावं लागतं.

ऊस उत्पादक वाचकांना एवढीच विनंती आहे. यंदा टोळी गेली की निदान एका एकरावर काडी ओढू नका. पाचट सरीत दाबा, बुडखे जमिनीलगत छाटा. पुढच्या वर्षी तिथलं आणि शेजारचं वाळलेलं ढेकूळ दोन पेल्यांत टाका, आणि पुढचा निर्णय घरातल्या सगळ्यांनी मिळून घ्या.