उघडा दंड काय सांगतो?

म्हैसूरच्या राजघराण्यातल्या तीन स्त्रियांचं हे तैलचित्र आयरिश चित्रकार थॉमस हिकी यांनी १८०५ च्या सुमारास रंगवलं. या नर्तकी असाव्यात, असं एकेकाळी समजलं जाई. इतिहासकार नायजेल चॅन्सेलर यांनी मात्र उजवीकडच्या तरुणीचा हात निरखला. एरवी साडीखाली झाकला जाणारा डावा दंड उघडा आहे आणि ती नेमका तोच दाखवते आहे. देवीची लस टोचायची ती जागा! चॅन्सेलर यांच्या मते ही तिसरे कृष्णराज वडियार यांची धाकटी राणी, देवजम्मणी.

आता डावीकडच्या राणीचा चेहरा जवळून पाहा. नाकाखाली आणि ओठांभोवती कातडीचा रंग वेगळा पडलाय. देवीच्या खपल्यांची पूड नाकात फुंकायची जुनी रीत होती. ही तिचीच खूण, असा चॅन्सेलर यांचा तर्क. मधली स्त्री म्हणजे राजाची आजी, लक्ष्मी अम्मणी.

मला हा अर्थ पटतो. दागिन्यांनी मढलेल्या चित्रात दंड उगाच उघडा राहत नाही.

या चित्राच्या काही वर्षं आधीच भारतात देवीची लस पहिल्यांदा यशस्वीपणे टोचली गेली होती, ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला.